बिल्ल्याची पाठ

चांगदेव गमरेला आता माणसांचा कंटाळा आला होता, आणि त्यातही पिशवीतून काहीतरी जपून बाहेर काढणाऱ्या माणसांचा फारच. अशी माणसं रविवारी येत. कोपरीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात खुर्चीच्या टोकावर बसत, जयभीम झाल्यावर पाणीसुद्धा अर्धंच पीत, आणि मग पिशवीतून रुमाल, रुमालातून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून एखादा भरतकामाचा लष्करी बिल्ला काढून त्याच्यापुढे ठेवत. आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा. मग सगळं कुटुंब त्याच्या तोंडाकडे बघत बसे. दहातले आठ बिल्ले त्या आजोबांच्या मरणानंतर शिवलेले असत आणि ते सांगायची पाळी चांगदेववर येई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात लोक दाखवत आणि अवलक्षण याच्या पदरी पडे.

चांगदेव काही लष्करातला नव्हे. खोपटच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं त्याने गाड्यांच्या सीटा शिवल्या. धागा बोटांत धरला की तो सुताचा की नायलॉनचा, किती पिळाचा, हे त्याला डोळे मिटून कळे. तरुणपणी कल्याण कॅम्पातून थंडीसाठी एक जुना लष्करी कोट घेतला, त्याच्या बाहीवर एक भरलेला बिल्ला होता, तो उसवून ठेवला आणि तिथून हे वेड लागलं. पितळेचे बिल्ले त्याने कधी जमवले नाहीत. पितळ काय, कुणीही साच्यात ओततो. भरतकामात मात्र भरणाऱ्याचा हात उरतो, त्याची घाई उरते, धागा संपला तिथली गाठ उरते. असे दोनशे बारा बिल्ले बिस्किटांच्या डब्यांत घालून त्याने कपाटावर रचले होते. त्याची बायको हौसाबाई दिवाळीला ते डबे पुसायची आणि म्हणायची, "यांची पलटण कधी लढाईवर जात नाही. नुसती रेशन खाते."

पारख करायची त्याची पद्धत साधी होती. बिल्ला हातात आला की तो पहिल्यांदा उलटा करायचा. समोरून सगळेच बिल्ले नवरदेव असतात, तो म्हणे, पाठ बघा म्हणजे कूळ कळतं. मागचे टाके, अस्तर, गाठी, जुन्या शिवणीची भोकं, कडेला दुमडलेल्या कापडात न उडालेला रंग, हे सगळं बघायला त्याला एकेका बिल्ल्याला तास-दीड तास लागे. हौसाबाई दोनदा चहा करी, पाहुणे ताटकळत आणि बिल्ला मात्र निवांत उपडा पडलेला असे.

मग नऊ वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आसपास, त्याने ती बॅटरी मागवली. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसली, जांभळ्या उजेडाची. त्याच्या मोबाइलवर जगभरच्या बिल्लेवाल्यांचा एक ग्रुप होता, तिथे सगळे या बॅटरीच्या नावाने आरत्या ओवाळत होते. नव्या धाग्यात आणि कापडात शुभ्र दिसण्यासाठी एक रसायन घालतात, ते या उजेडात निळंपांढरं पेटतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सुतात ते रसायनच नाही, त्यामुळे ते ढिम्म काळं राहतं. खोली अंधारी करायची, बॅटरी मारायची, दहा सेकंदांत निकाल. चांगदेवने आपल्या डब्यांतले बिल्ले एकेक करून उजेडात धरले, दोनशे बारांतले अकरा पेटले, ते त्याने मुकाट्याने वेगळे काढले आणि बॅटरीवर त्याचा विश्वास बसला. त्याचं नाव ठाण्यापासून कल्याणपर्यंत झालं. आणि तास-दीड तासाचं काम दहा सेकंदांत होऊ लागल्यावर माणूस पाठ कशाला बघत बसेल?

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. एकटीच होती. खुर्चीच्या टोकावर न बसता नीट मागे टेकून बसली, पाणी पूर्ण प्यायली, आणि म्हणाली, "काका, मी प्रीती. टिटवाळ्याहून आलेय. तुम्ही मला नाही ओळखणार, पण माझ्या मामाला ओळखाल. राजरत्न ओव्हाळ, डोंबिवलीचे."

चांगदेवला ओळख पटली नाही. मग तिने डबीतून बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि तो त्याने ओळखला. माणसं तो विसरे, बिल्ले नाही. तळहाताएवढं खाकी ड्रिलचं कापड, त्यावर पांढऱ्या आणि पिवळ्या सुताने भरलेला कोरेगावचा स्तंभ, त्याच्यापुढे एकमेकींवर आडव्या दोन मशिनगनी. महार पलटणीच्या जुन्या दिवसांतला. पितळेचा नव्हे, कुणा पलटणीच्या शिंप्याने हाताने भरलेला, हॉकीच्या बनियनवर लावायचा. निदान घरच्यांचं म्हणणं तसं होतं.

"हा मी बघितलाय," चांगदेव म्हणाला. "हा नंतरचा आहे. तसं मी सांगितलेलं तुझ्या मामाला."

"माहितीय. आणि मामाने विचारलेलं, मग वडिलांकडे आला कुठून. तर तुम्ही म्हणालेलात, बाजारात मिळतात."

हे त्याला आठवत नव्हतं. पण तो तसं म्हणाला असणार यात शंका नव्हती, कारण तो नेहमीच तसं म्हणत असे.

प्रीतीने पुढचं सांगितलं ते न रागावता, पाठ झालेला धडा म्हणावा तसं. तिचे आजोबा, दगडू ओव्हाळ, दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही काही वर्षं पलटणीत होते. ते वारले त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. दोन हजार पाचच्या पुरात त्यांचं डिस्चार्ज बुक, फोटो, पत्रं, सगळं गेलं. उरला तो हा बिल्ला. राजरत्नमामा बँकेत होता, तत्त्वाचा माणूस. विहाराच्या देणगीदारांच्या फरशीवर त्यानेच हौसेने 'माजी सैनिक दगडू ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ' असं कोरून घेतलेलं. चांगदेवकडून गेला तो थेट विहाराच्या मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, आमच्याकडे पुरावा नाही, होता तो खोटा निघाला, बाबासाहेबांच्या फोटोखाली खोटं राहायला नको. गवंडी बोलावून 'माजी सैनिक' एवढे दोन शब्द घासून काढले. त्या दिवशी संध्याकाळी आजीने, रमाबाईंनी, आपलं लुगड्यांचं बोचकं बांधलं आणि ती लेकीकडे टिटवाळ्याला निघून आली.

"तेव्हापासून ती मामाशी बोललेली नाहीये," प्रीती म्हणाली. "नऊ वर्षं. तो दर जयंतीला येतो, पेढे ठेवतो, आजी भिंतीकडे तोंड करून झोपते, तो अर्धा तास बसून जातो. आता ती अठ्ठ्याऐंशीची झालीय. परवा म्हणाली, त्या माणसाला अजून एकदा बघायला सांग. मी जायच्या आधी बघायला सांग."

चांगदेवला आतून फार थकल्यासारखं झालं. कापड काय नऊ वर्षांत आपलं वय बदलतं? तो हे बोलणार होता, पण मुलगी इतकी नीट बसली होती की त्याला धीर झाला नाही. त्याने उठून खिडकी लावली, पडदा ओढला, आणि निदान बघितल्याचं समाधान तिला मिळावं म्हणून बॅटरी मारली.

बिल्ला पेटला. नुसता नाही, लख्ख पेटला. ट्यूबलाइट लागल्यासारखा.

चांगदेवने बॅटरी बंद केली आणि पुन्हा लावली. मागच्या वेळी तो फिका निळा दिसला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. खोटा बिल्ला नऊ वर्षांत आणखी खोटा कसा होईल? नव्या धाग्यातलं रसायन काळाबरोबर कमीच व्हायला हवं. त्याने बिल्ला नाकाशी नेला. जुन्या बिल्ल्याला डांबरगोळीचा, धुळीचा, पेटीचा वास येतो. याला मोरीतला, धुण्याच्या पावडरचा वास येत होता.

"हा कुणी धुतलाय?"

"आजी धुते ना," प्रीती सहज म्हणाली. "पुरानंतर चिखलात सापडलेला, वासच जाईना त्याचा. तेव्हापासून दरवर्षी जयंतीच्या आधी धुते. पावडरमध्ये भिजवून ठेवते रात्रभर. तुम्ही खोटा म्हणालात तरी धुते. उलट तेव्हापासून जास्तच."

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्येही तेच रसायन घालतात, हे चांगदेवच्या आत्ता ध्यानात आलं. जगभरचे बिल्लेवाले त्या ग्रुपवर रात्रंदिवस बोलत, पण बिल्ला धुण्याबद्दल अवाक्षर नाही, कारण त्यांच्यातला कुणी बिल्ला धुण्याचं पाप स्वप्नातही करणार नाही. त्यांचे बिल्ले दुकानदाराकडून येत, डब्यात जात. घरातली बाई मात्र घरातली वस्तू धुते. ज्या वस्तूवर जास्त जीव, ती जास्त धुते. एवढी साधी गोष्ट एकतीस वर्षं कापडात काढलेल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती.

"ठेवून जा," तो म्हणाला. "शिवण थोडी उसवावी लागेल. त्याच भोकांतून परत शिवून देईन. पुढच्या रविवारी मीच येतो टिटवाळ्याला."

ती गेल्यावर त्याने कपाटावरून तिसरा डबा काढला. त्यात त्याचा सगळ्यात लाडका बिल्ला होता: लढाईच्या काळातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा, खाकी ड्रिलवर पांढऱ्या सुताने भरलेला बैल. एसटीच्या माणसाला ट्रान्सपोर्टचा बैल आपलाच वाटावा यात नवल नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने तो तीनदा मागितला होता आणि चांगदेवने तिन्ही वेळा चहा पाजून वाटेला लावला होता. ऐंशी वर्षांत या बैलाला पाण्याचा थेंब लागला नव्हता. बॅटरीखाली तो कोळशासारखा काळा.

चांगदेव मोरीत गेला, तांब्यात पावडर घातली, पाणी ओतलं.

हौसाबाई दारात येऊन उभी राहिली. "चाळीस वर्षांत स्वतःचा रुमाल धुतला नाहीत कधी. आज काय झालं?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

त्याने बैल पाण्यात सोडला. पाणी हळूहळू चहाच्या रंगाचं झालं आणि ऐंशी वर्षांची धूळ वर आली. त्याच्या जिवाचं पाणी होत होतं, पण तो तिथेच स्टुलावर बसून राहिला. मग त्याने तो चोळला, बायका चोळतात तसा, हाताच्या मुठीवर. पुन्हा भिजवला, पुन्हा चोळला. एकाच दिवसात वीस वर्षांचं धुणं होणार नव्हतं, म्हणून तीन दिवस तेच केलं. चौथ्या दिवशी दुपारी वाळलेला बैल घेऊन तो पडदा लावून बसला आणि बॅटरी मारली.

बैल निळापांढरा पेटला.

ज्याच्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, तो बैल आता जगातल्या कुठल्याही ग्रुपवर खोटा ठरला असता. चांगदेव अंधारात तसाच बसला. त्याला लाज वाटली. नुसती चूक झाल्याची नव्हे. आपण पाठ बघणं सोडलं याची. आता त्याला आठवलं, त्या रविवारी, नऊ वर्षांपूर्वी, सात कुटुंबं आली होती. राजरत्न सातवा. दमायला झालं होतं, जेवायचं राहिलं होतं. दहा सेकंद उजेड मारला, आणि उसवून बघण्याचे कष्ट नकोत म्हणून एका माणसाच्या बापाला बाजारातून बिल्ला विकत घेणारा करून टाकलं. आणि असे किती? चाळीस घरं? पन्नास? त्यांतल्या किती घरांत कुणी आजी, कुणी आई बिल्ला जीव लावून धूत असेल? ती घरं आता शोधायची कशी आणि कुठल्या तोंडाने दार वाजवायचं, या विचारानेच त्याला अंथरुणावर पडावंसं वाटलं.

पण तो पडला नाही. त्याने दिवा लावला, चष्मा पुसला आणि रमाबाईंचा बिल्ला उपडा केला. दोन तास लागले. मागचे टाके एका हाताचे होते, डावखुऱ्या माणसाचे. धागा सुताचा, तिपेडी. चार कोपऱ्यांत बनियनला टाचल्याची भोकं, तिथे कापड ताणलेलं. मग त्याने ब्लेडने कडेची शिवण उसवली आणि चिमट्याने अस्तर वर केलं. आत आधाराला म्हणून एक जाड कापडाचा तुकडा घातला होता. तंबूचं कापड. त्यावर लष्करी मालावर मारत तो सरकारी बाणाचा काळा छाप, अर्धा कापला गेलेला, आणि त्याखाली चार आणि तीन असे दोन आकडे. ती शाई धोब्याला दाद देत नाही, वीस वर्षांच्या धुण्यालाही तिने दिली नव्हती. त्रेचाळीस सालचा तंबू फाडून पलटणीच्या शिंप्याने बिल्ल्याला अस्तर लावलं होतं. बाजारात विकायला बिल्ले शिवणारा माणूस आत, जिथे कुणी बघणार नाही तिथे, असला तुकडा घालत नाही.

"अस्सल आहे," त्याने हौसाबाईला सांगितलं, आणि सगळी हकिकतही सांगितली.

हौसाबाई भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या म्हातारीला काय सांगणार?"

"हेच. अस्सल आहे म्हणून."

"ते झालंच. पण चमकला का, ते काय सांगणार? तिच्याच हाताने झालं म्हणून?" तिने मेथीची काडी मोडली. "नऊ वर्षं पोराचं तोंड नाही बघितलं तिने. आता सांगा तिला, बाई, तूच धुवून धुवून नवऱ्याला खोटं पाडलंस. जगायची नाही ती."

याचा विचार चांगदेवने केलाच नव्हता. रात्री तो कूस बदलत राहिला. बिल्ल्याच्या बाबतीत तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता. त्यावरच तर त्याचं नाव होतं. पण हे काही बिल्ल्याबद्दलचं खोटं नव्हतं, स्वतःबद्दलचं होतं, आणि ते आपल्याला परवडेल असं त्याने सकाळपर्यंत ठरवलं. बॅटरी बिघडली होती, असं सांगायचं. लोक हसतील, म्हणतील गमरे म्हातारा झाला. हसू देत.

टिटवाळ्याला स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर नव्या बिल्डिंगा झाल्या होत्या, त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर प्रीतीचं घर. तिची आई ड्युटीवर गेली होती. रमाबाई खिडकीपाशी दिवाणावर बसल्या होत्या. अंगाने मूठभर, पण नजर साफ आणि कान शाबूत. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली दगडू ओव्हाळांचा धोतर-टोपीतला फोटो. पुरानंतर कुणा नातेवाइकाच्या लग्नाच्या फोटोतून कापून मोठा केलेला.

"जयभीम मावशी. मी चांगदेव गमरे."

"त्यो बत्तीवाला?"

"हो. तोच."

"बसा."

तो बसला. बिल्ला रमाबाईंच्या हातात दिला आणि पाठ केलं होतं ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. बिल्ला अस्सल आहे. आत त्रेचाळीस सालच्या तंबूचं कापड आहे, सरकारी शिक्क्यासकट. त्याने मोबाइलवर काढलेला फोटोही दाखवला. "माझी बॅटरी बिघडलेली त्या दिवशी, मावशी. चूक सगळी माझी. तुमच्या मालकांना मी खोटं ठरवलं, त्याची माफी मागायला आलोय."

रमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी बिल्ला तळहातावर ठेवला, दुसऱ्या हाताने झाकला. "मला ठावंच व्हतं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "नऊ वर्सं."

प्रीती ओढणीने डोळे पुसत होती. चांगदेवला वाटलं, झालं, सुटलो. तो चहाला नको म्हणून उठायच्या बेतात होता.

"पोरी, बादली आन," रमाबाई म्हणाल्या. "जयंती आठ दिसांवर आली. धुऊन घेते. आवंदा ह्यो फोटूपाशी ठिवायचा, समद्यांसमोर."

"मावशी, धुऊ नका आता," चांगदेव घाईने म्हणाला. "धागा कमजोर झालाय."

"हलक्या हातानं धुते की. वीस वर्सं धुते. मळका कसा ठिवू?"

"मळका असला तरी चालतो. जुन्या वस्तू धुवत नाहीत."

रमाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटी करून बघावी तसं. "बत्ती बिघडली व्हती, म्हनला तुमी."

"हो."

"त्या दिशी सात घरं आल्ती तुमच्याकडं. राजू म्हनला मला. दोघांचं खरं निघालं, पाचांचं खोटं. बिघडल्याली बत्ती माणसं बघून लागती व्हय?"

चांगदेव चष्मा काढून पुसू लागला. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाला खोटं कधी वेळेवर सुचत नाही.

"आन् धुवायचं नाव काढलं तसा तुमचा चेहरा उतरला," त्या म्हणाल्या. "काय ते सांगा. मरायच्या आधी मला कुनी तरी सरळ सांगा."

मग त्याने सांगितलं. पावडरमधलं रसायन, पुराचा चिखल, वीस वर्षांचं धुणं, त्याच्या घरचा धुतलेला बैल. सांगताना तो त्यांच्याकडे न बघता फरशीकडे बघत होता. "पण तुम्ही धुतलात म्हणून तो राहिला, मावशी. चिखलात कुजला असता. धुतलाय का, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. उसवून बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. यात तुमचं काही नाही."

रमाबाईंनी ते शेवटचं ऐकलं असं वाटलं नाही. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. बोटांची पेरं सुजलेली, नखं झिजलेली, धुणं-भांड्यात आयुष्य गेलेले हात. "म्हंजी म्याच," त्या म्हणाल्या. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. चांगदेवला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"राजूला लाव," त्या प्रीतीला म्हणाल्या.

प्रीती बघतच राहिली.

"अगं लाव की."

तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. दोन रिंगांत उचलला गेला. "प्रीती? काय गं? आजी बरी आहे ना?" आवाज घाबरलेला होता. टिटवाळ्याहून फोन आला की राजरत्नला एकच गोष्ट सुचत असणार.

"म्या हाय," रमाबाई म्हणाल्या.

पलीकडून साठीच्या माणसाचा, पण लहान झालेला आवाज आला. "आई?"

"तुझा बाप खरा व्हता. बत्तीवाला बसलाय हितं, त्यो सांगल तुला समदं. त्याला बोल लावू नगंस. म्या पावडरीत धुतला म्हनून चमकला त्यो." इथे त्यांच्या आवाजात थोडी थट्टाही आली, आईच्याच तोंडी असते तशी. "लहानपनापास्नं तुजं समदं सदरं म्याच धुतलं, राजू. त्या बत्तीखाली तुला धरला असता ना, तर तू बी खोटाच निघाला असतास."